गुन्हा चार देशांत, फिर्याद मात्र मुंबईतच

प्रश्न परळच्या एका मामांचा आहे. त्यांचा २४ वर्षांचा भाचा बँकॉकमध्ये डेटा एंट्रीची नोकरी मिळणार म्हणून गेला. विमानतळावरून त्याला मोटारीने सीमेजवळ नेले, रात्री होडीतून नदी ओलांडायला लावली आणि तो म्यानमारमधल्या एका कुंपणबंद वसाहतीत अडकला. तिथे पासपोर्ट काढून घेतला गेला आणि दिवसाचे सोळा तास खोट्या नावाने अमेरिकेतील वयस्कर माणसांशी गप्पा मारून त्यांना बनावट गुंतवणुकीत ओढायचे काम त्याच्याकडून करून घेतले गेले. काम कमी झाले की मार असे. सात महिन्यांनी तो सुटून आला. ज्या एजंटाने त्याला पाठवले त्याचे कार्यालय ठाण्यात होते आणि त्याने एक लाख ऐंशी हजार रुपये घेतले होते. एका पोलीस ठाण्यात "हा गुन्हा आमच्या हद्दीत घडलेला नाही" असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. मामा विचारतात, हा आंतरराष्ट्रीय गुन्हा असेल तर हेगच्या न्यायालयात जावे का, इंटरपोलकडे अर्ज करावा का, आणि भाच्याने लोकांना फसवले म्हणून उद्या त्यालाच पकडले तर काय करायचे?

मी मुंबईच्या किल्ला कोर्टात आणि सत्र न्यायालयात २८ वर्षे फौजदारी वकिली करतो आहे. त्यातली निम्म्याहून अधिक वर्षे अशाच प्रकरणांत गेली, ज्यांत आरोपी एका देशात, पुरावा दुसऱ्या देशात आणि फिर्यादी आमच्या बाकावर असतो. म्हणून प्रथम उत्तर सांगतो आणि मग कारणे देतो. आपण हेगला जाऊ नये, इंटरपोलला पत्र लिहू नये. फिर्याद इथेच, मुंबईत किंवा ठाण्यात द्यावी, आणि ती भाच्याने स्वतः द्यावी.

हेगचे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचले ते कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणामुळे. पण ते न्यायालय वेगळे. आंतरराष्ट्रीय न्यायालयात फक्त देश देशाविरुद्ध उभा राहतो. भारताने पाकिस्तानविरुद्ध दावा केला, जाधव यांना भारतीय वकिलातीशी संपर्क करू दिला नाही हा १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा भंग आहे असे म्हटले, आणि १७ जुलै २०१९ रोजी निकाल भारताच्या बाजूने लागला. तिथे कोणा माणसावर खटला चालत नाही. माणसांवर खटला चालवणारे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय त्याच शहरात आहे. ते १९९८ च्या रोम करारातून जन्मले आणि १ जुलै २००२ पासून सुरू झाले. त्याच्या अखत्यारीत चारच गुन्हे येतात: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमणाचा गुन्हा. भारत या कराराचा सदस्य नाही. म्यानमारही नाही. थायलंडने सही केली, पण करार अंगीकारला नाही.

यावर एक हुशार वाचक विचारील, की माणसाला गुलाम करणे हा तर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या यादीत स्पष्ट लिहिलेला प्रकार आहे, मग भाच्याचे प्रकरण त्यात का बसत नाही? प्रश्न रास्त आहे. परंतु ते कृत्य नागरी लोकसंख्येवरील व्यापक किंवा पद्धतशीर हल्ल्याचा भाग म्हणून, आणि तेही एखाद्या राज्यसत्तेच्या किंवा संघटनेच्या धोरणातून झालेले असावे लागते. शिवाय गुन्हा सदस्य देशाच्या भूमीवर घडलेला किंवा आरोपी सदस्य देशाचा नागरिक असावा लागतो. रोहिंग्यांच्या बाबतीत या न्यायालयाने एक वाट शोधली. म्यानमार सदस्य नसला तरी बांगलादेश आहे, आणि माणसांना हाकलून सीमेपलीकडे ढकलण्याचा गुन्हा सीमा ओलांडल्यावरच पुरा होतो, म्हणून त्याचा एक भाग बांगलादेशात घडला, असे २०१८ मध्ये ठरवून २०१९ मध्ये तपासाला परवानगी दिली. ती वाट आपल्या कामाची नाही, कारण भाचा ज्या तीन देशांतून गेला आणि आला त्यांतला एकही सदस्य नाही, आणि ज्यांना फसवले गेले त्यांचा देश, अमेरिका, तोही नाही. कंबोडिया सदस्य आहे, तिथल्या वसाहतींबद्दल हा विचार कधी तरी होऊ शकेल. पण ते न्यायालय एखाद्या कुटुंबाची फिर्याद घेऊन खटला सुरू करीत नाही. त्याचा अभियोक्ता स्वतः निवडतो, आणि निवडतो ते सेनापती आणि सत्ताधीश. ठाण्याचा एजंट त्याच्या नजरेत कधीच येणार नाही.

आता आपला गुन्हा कोणता, ते पाहू. मी अशिलांना नेहमी सांगतो की सीमेपलीकडचे गंभीर गुन्हे तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार वर सांगितलेला, जगाच्या विवेकाविरुद्धचा. दुसरा असा, की देशांनी एकत्र बसून करार केला आणि आपापल्या कायद्यात हा गुन्हा लिहू, एकमेकांना आरोपी आणि पुरावा देऊ असे कबूल केले. माणसांची तस्करी, अमली पदार्थ, दहशतवादाला पैसा, विमान अपहरण, काळ्या पैशाचे शुद्धीकरण, हे सगळे या प्रकारातले. तिसरा म्हणजे साधी फसवणूक, खून, अपहार, ज्याचा एखादा धागा परदेशात गेलेला असतो. आपले प्रकरण दुसऱ्या प्रकारातले आहे. सन २००० चा संयुक्त राष्ट्रांचा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा करार, ज्याला पालेर्मो करार म्हणतात, आणि त्याला जोडलेला मानवी तस्करीचा पूरक करार, हे दोन्ही भारताने मे २०११ मध्ये अंगीकारले. थायलंड आणि म्यानमारही त्यात आहेत. त्यातली व्याख्या आपल्या कायद्यात २०१३ च्या दुरुस्तीने आली. ती आधी भारतीय दंड संहितेचे कलम ३७० होती, आता भारतीय न्याय संहितेचे कलम १४३ आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला नवे कलम लागेल, त्याआधीच्या घटनेला जुने. भाच्याला ठाण्यात भरती केले ती तारीख म्हणूनच महत्त्वाची.

या कलमात तीन गोष्टी जुळाव्या लागतात. भरती करणे, नेणे, ठेवून घेणे किंवा ताब्यात घेणे ही कृती. धाक, जबरदस्ती, फसवणूक किंवा आमिष हा मार्ग. आणि शोषण हा हेतू. बळी पडलेल्याने हो म्हटले होते की नाही, याला कायदा किंमत देत नाही, आणि हे वाक्य आपण लक्षात ठेवावे, कारण बचावाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारणार आहे की मुलगा स्वखुशीने विमानात बसला की नाही. अडचण शोषणाच्या शब्दात आहे. कलमात शारीरिक शोषण, लैंगिक शोषण, गुलामगिरी किंवा तत्सम प्रथा, दास्य, भीक मागायला लावणे आणि अवयव काढून घेणे असे शब्द आहेत. "पगार दिला नाही, जास्त काम करून घेतले" एवढेच जबाबात आले, तर उद्या कोणी म्हणेल की हा मालक-नोकर वाद आहे. गुलामगिरीचे तपशील आले पाहिजेत: पासपोर्ट कोणी, कुठे काढून घेतला, दाराला बाहेरून कुलूप होते का, पहारेकऱ्यांकडे बंदुका होत्या का, सुटण्यासाठी किती पैसे मागितले, एका टोळीने दुसरीला विकले का. "विकले" हा शब्द तिथून आलेली मुले सहज बोलून जातात. आठ-दहा मुलांच्या तोंडून मी तो ऐकला आहे, आणि पोलिसांच्या टंकलिखित जबाबात तो बहुतेक वेळा "पाठवले" असा झालेला असतो. जबाब वाचून सही करा, असे मी सांगतो ते एवढ्यासाठी.

पोलीस ठाण्यात जे सांगितले गेले, की गुन्हा आमच्या हद्दीत घडला नाही, ते कायद्याला धरून नाही. एक तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणाचीही असो, फिर्याद नोंदवून घेऊन योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते. दुसरे म्हणजे इथे हद्द आहेच. आमिष ठाण्यात दाखवले, पैसे मुंबईतून गेले, मुलगा सहारच्या विमानतळावरून उडाला.

या मुद्द्यावर एक जुना निकाल सांगतो, कारण तो मुंबईचा आहे आणि मला फार प्रिय आहे. १९५१ साली गोव्यात तांदळाची टंचाई होती. तिथल्या एका व्यापाऱ्याने मुंबईच्या दलालामार्फत कराचीतल्या एका व्यापाऱ्याशी सौदा ठरवला. कराचीतून पत्रे आली, तारा आल्या, टेलिफोन आले, तांदूळ जहाजावर चढतो आहे असे सांगितले गेले आणि मुंबईत साडेपाच लाखांच्या घरात रक्कम दिली गेली. तांदूळ आला नाही. आरोपी पाकिस्तानचा नागरिक होता, गुन्ह्याच्या वेळी त्याने मुंबईत पाऊलही ठेवले नव्हते. दुसऱ्या एका प्रकरणात त्याला इंग्लंडहून आणले गेले तेव्हा तो मुंबईच्या न्यायालयापुढे आला. १९५७ मध्ये मुबारिक अली अहमद विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फसवणुकीचे सगळे घटक मुंबईत पुरे झाले, म्हणून गुन्हा मुंबईचा, आरोपीचे शरीर कुठे होते याला महत्त्व नाही. ज्या काळी परदेशी फोन लावायला तासन् तास थांबावे लागे, त्या काळी न्यायालयाला हे दिसले होते. व्हॉट्सॲपच्या काळात एखाद्या ठाणे अंमलदाराला ते दिसू नये, हे मला सहन होत नाही.

भारतीय नागरिकाने परदेशात गुन्हा केला, तर त्याचीही चौकशी इथे होऊ शकते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १८८, आता नागरिक सुरक्षा संहितेचे २०८. मात्र खटला चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. ही परवानगी तपासासाठी लागत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये थोटा वेंकटेश्वरलू प्रकरणात स्पष्ट केले, आणि गुन्ह्याचा काही भाग भारतात घडला असेल तर ते कलमच लागू होत नाही, हे २०२२ मध्ये सरताज खान प्रकरणात. ठाण्याच्या एजंटाविरुद्धच्या खटल्यात परवानगीचा अडसर म्हणूनच येऊ नये. तरीही फिर्यादीत ठाणे शहरात काय काय घडले ते आधी आणि ठळकपणे लिहावे, म्यानमार नंतर. माणूस साहजिकच जिथे मार बसला तिथून सांगायला लागतो. फिर्याद मात्र जिथे जाळे टाकले गेले तिथून सुरू झाली पाहिजे.

फिर्याद नोंदवून घेतलीच नाही, तर उपायुक्तांना लेखी, टपालाने, आणि तेवढ्यावरही काही हालचाल नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे शपथपत्रासह अर्ज. यात फार शब्द घालवत नाही, कोणताही फौजदारी वकील हे करून देईल.

कायद्यात गुन्हा नीट लिहिलेला असणे किती महत्त्वाचे आहे, याची एक आठवण मुंबईच्याच समुद्राने करून दिली होती. ऑक्टोबर १९९९ मध्ये 'अलोन्ड्रा रेनबो' हे जपानी मालकीचे जहाज ॲल्युमिनियम घेऊन इंडोनेशियाहून निघाले आणि चाच्यांनी पळवले. १७ खलाशांना तराफ्यावर सोडून दिले गेले. दहा दिवसांनी एका थाई मासेमारी बोटीने त्यांना वाचवले. जहाजाचे नाव रंगवून बदलण्यात आले. नोव्हेंबरमध्ये भारतीय तटरक्षक दल आणि नौदलाने ते अरबी समुद्रात पाठलाग करून पकडले आणि १५ इंडोनेशियन आरोपी मुंबईत आणले. चाचेगिरी हा असा गुन्हा आहे की शतकानुशतके कोणत्याही राष्ट्राने चाच्याला पकडून शिक्षा द्यावी असा संकेत आहे. पण आपल्या दंड संहितेत चाचेगिरी हा गुन्हाच नव्हता. इतर कलमांवर खटला उभा करावा लागला. २००३ मध्ये सत्र न्यायालयात शिक्षा झाली आणि २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सर्व आरोपी सुटले. संसदेने चाचेगिरीविरोधी कायदा केला तो २०२२ च्या डिसेंबरमध्ये. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने 'रुएन' जहाजावरून पकडलेले ३५ सोमाली आरोपी जेव्हा मुंबई बंदरात उतरवून पोलिसांच्या हवाली केले, तेव्हा त्यांच्यासाठी निदान कलम तयार होते. मधली तेवीस वर्षे आपण कायद्याविना होतो.

अशी पोकळी अजूनही आहे, आणि ती पहिल्या प्रकाराच्या गुन्ह्यांत आहे. वंशसंहाराविरुद्धचा करार भारताने १९५९ मध्ये अंगीकारला, पण आपल्या संहितेत वंशसंहार नाही, मानवतेविरुद्धचा गुन्हाही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातल्या, १७ डिसेंबर २०१८ च्या सज्जन कुमार निकालात हे बोलून दाखवले आणि सामूहिक हत्यांच्या मालिकेत १९९३ च्या मुंबईचाही उल्लेख केला. नवी न्याय संहिता लिहिताना ही पोकळी भरता आली असती. ती भरली गेली नाही याचे मला, या शहरात १९९३ पाहिलेला माणूस म्हणून, दुःख आहे.

आपल्या भाच्याच्या बाबतीत सुदैवाने कलमे आहेत. तस्करीचे १४३, फसवणुकीचे ३१८, संघटित गुन्हेगारीचे १११, ज्यात मानवी तस्करी आणि सायबर गुन्हे नावानिशी आहेत, आणि परदेशी नोकरभरतीवर बंधने घालणारा १९८३ चा उत्प्रवास कायदा. राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन मानवी तस्करी तिच्या यादीत आली आणि परदेशात भारतीयांविरुद्ध घडलेल्या गुन्ह्यांचा तपास करण्याचा अधिकारही तिला मिळाला. लाओसमधल्या अशाच वसाहतीसंबंधी मुंबई पोलिसांनी नोंदवलेला गुन्हा २०२४ मध्ये या यंत्रणेकडे गेला. पण लक्षात घ्या, आधी तो मुंबईच्या पोलिसांनी नोंदवला होता. वरची यंत्रणा हवेतून तपास उचलत नाही. तिला खालच्या पोलीस ठाण्यातला गुन्हा नोंद क्रमांक लागतो.

आता आपला सर्वांत नाजूक प्रश्न, भाच्याने स्वतः लोकांना फसवले त्याचे काय? इथे मी आपल्याला खोटा धीर देणार नाही. धाकाखाली केलेल्या कृत्याला सूट देणारे न्याय संहितेचे कलम ३२ आहे, पण ते अरुंद आहे. तिथल्या तिथे मृत्यू येईल अशी वाजवी भीती असावी लागते. "मारतील", "विजेचा झटका देतील", "जेवण बंद करतील" ही भीती त्या शब्दांत जशीच्या तशी बसेलच असे नाही. मात्र फसवणुकीच्या गुन्ह्यात मुळात अप्रामाणिक हेतू सिद्ध करावा लागतो, आणि कोंडलेल्या माणसाचा हेतू कोणाचा, हा युक्तिवाद बळकट आहे. तस्करीच्या बळीला त्या अवस्थेत करायला लावलेल्या कृत्यांसाठी शिक्षा होऊ नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांनी २००२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मांडले आहे. न्यायालयापुढे मी ते मांडतो आणि ते ऐकून घेतले जाते. अमेरिकेशी आपला १९९७ चा प्रत्यार्पण करार आहे, म्हणून तोही प्रश्न कागदावर शिल्लक राहतो. या सगळ्यांवर सर्वांत मोठे संरक्षण एकच आहे: भाच्याने बळी म्हणून, लवकर, स्वतःहून आणि पूर्ण सांगितलेले असणे. कोणी त्याचे नाव घेतल्यानंतर केलेली तक्रार बचावासारखी दिसते. आधी केलेली तक्रार पुराव्यासारखी उभी राहते. पूर्ण म्हणजे पूर्ण. त्याने किती जणांशी बोलणे केले, त्याला कमिशन मिळाले का, त्याने आपल्या ओळखीच्या कोणाला तिकडे बोलावले का, हे वकिलाला आधी सांगावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर हो असेल, तर कृपया पोलिसांत जाण्याआधी माझ्यासारख्या कोणाकडे या, कारण दुसऱ्याला बोलावणारा बळी एका पावलात भरती करणारा ठरू शकतो, आणि सोडवणुकीच्या बदल्यात दोन माणसे आणून दे, असे तिथे खरोखरच सांगितले जाते.

पुरावा. एका मुलाचा पासपोर्ट माझ्या टेबलावर होता, त्याचे वर्णन करतो. मधल्या पानावर बँकॉकच्या विमानतळाचा प्रवेशाचा शिक्का. त्यानंतर थायलंडमधून बाहेर पडल्याचा शिक्का नाही. म्यानमारमध्ये प्रवेशाचा शिक्का नाही. थेट सात-आठ महिन्यांनंतरची थाई अधिकाऱ्यांची नोंद आणि मायदेशी परतल्याची तारीख. त्या मुलाची आई म्हणाली, यात तर काहीच नाही. मी म्हणालो, जे नाही तेच आपले. थायलंडमधल्या मे सोतजवळ मोई नदी ओलांडून म्यानमारमधल्या म्यावाडीला नेलेल्या माणसाच्या पासपोर्टवर शिक्का नसतो, आणि ती कोरी जागा सांगते की हा माणूस देशाच्या दारातून गेला नाही, त्याला चोरवाटेने नेले. पोलिसांना पासपोर्ट देण्याआधी प्रत्येक पानाची, कोऱ्या पानांसकट, छायाप्रत काढून ठेवा. नवा पासपोर्ट काढण्याची घाई करू नका.

फोन हा दुसरा साक्षीदार. एका प्रकरणात घरच्यांनी मुलगा परत आल्यावर "त्या घाणेरड्या आठवणी नकोत" म्हणून फोन दुकानात नेऊन कोरा करून घेतला. एजंटाशी झालेले बोलणे, तिथून चोरून पाठवलेले ठिकाण, खोलीतल्या खाटांचे दोन फोटो, सगळे गेले. ती आई नंतर माझ्या कार्यालयात तो फोन हातात धरून बसली होती. तेव्हा भाच्याचा फोन, आणि तुमच्या बहिणीचाही, कारण तिला आलेले संदेश तिच्या फोनवर आहेत, जसेच्या तसे ठेवा. न्यायालयात ते सिद्ध करायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे दाखवणारा आकड्या-अक्षरांचा ठसा, द्यावी लागते. हे काम पोलिसांच्या न्यायवैद्यक तज्ज्ञांना करू द्या. नुसते स्क्रीनशॉट छापून आणले तर तो पुरावा अर्धाच. एजंटाला पैसे ज्या खात्यातून गेले त्याचा बँकेचा शिक्का असलेला उतारा, विमानाचे तिकीट कोणाच्या ईमेलवरून आले ते, नोकरीचे पत्र, आणि परतल्यावर कुठल्याही डॉक्टरने तपासले असेल तर तो कागद. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी मे सोतहून ५४९ भारतीयांना दोन फेऱ्यांत आणले. तसा कोणत्याही सरकारी मार्गाने भाचा परतला असेल, तर उतरल्यावर त्याच्याकडून जबाब किंवा माहितीपत्रक भरून घेतले गेले असण्याची शक्यता आहे. त्यात त्याने काय लिहिले ते त्याला आठवून सांगू द्या, कारण आता दिलेला जबाब त्याच्याशी ताडला जाईल.

परदेशातल्या पुराव्याचा रस्ता लांब आहे. तपास अधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ खाली न्यायालयाकडे जातो, न्यायालय दुसऱ्या देशाला विनंतीपत्र देते, ते गृह मंत्रालयातून, पुढे राजनैतिक मार्गाने जाते. चाळीसहून अधिक देशांशी आपले परस्पर कायदेशीर साहाय्याचे करार आहेत, तरीही वर्ष-दीड वर्ष सहज जाते. माझ्या एका प्रकरणात विनंतीपत्र चौदा महिन्यांनी परत आले, कारण सोबतच्या भाषांतराच्या प्रत्येक पानावर प्रमाणित केल्याची सही नव्हती, फक्त शेवटच्या पानावर होती. दोनशे सहा पाने होती. तेव्हापासून मी तपास अधिकाऱ्यांना पाने मोजून सह्या घ्यायला लावतो आणि त्याचा कोणाला राग आला तरी चालवून घेतो. हा पुरावा येईपर्यंत थांबावे लागू नये म्हणूनच इथल्या कागदांवर माझा एवढा भर आहे. एजंटाविरुद्धचा खटला केवळ मुंबई-ठाण्याच्या पुराव्यावर उभा राहू शकतो.

वसाहतीचा मालक पकडला जाईल का, हे आपण विचारलेले नाही, पण मनात असणार. तो परदेशी नागरिक आहे, त्याचे खरे नाव कोणाला ठाऊक नाही आणि ज्या भूभागात ती वसाहत आहे तिथे म्यानमारच्या सरकारचीही सत्ता पुरती चालत नाही, सशस्त्र गटांची चालते. प्रत्यार्पण करायला समोर कोणी तरी सरकार लागते. इंटरपोलची रेड कॉर्नर नोटीस म्हणजे अटकेचे जागतिक वॉरंट नव्हे. ती सदस्य देशांना केलेली विनंती आहे, ती कितपत मानायची हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो, आणि ती मागायचा अधिकार पोलिसांना सीबीआयमार्फत आहे, नागरिकाला नाही. न्यायालयाचे वॉरंट नसताना तिची मागणी उभी राहत नाही.

आणि प्रत्यार्पण झाले तरी ते अटींसह येते. मुंबईच्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम २००२ मध्ये लिस्बनमध्ये पकडला गेला, नोव्हेंबर २००५ मध्ये भारतात आला. फाशी देणार नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कोंडणार नाही असा शब्द भारताने पोर्तुगालला दिला होता. जन्मठेप झाल्यावरही तो शब्द केंद्राने पाळावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितले. १२ मार्च १९९३ ला ज्यांची माणसे गेली, २५७ माणसे, त्यांपैकी काहींना हे मान्य नाही, त्यांच्या डोळ्यांत पाहून मी हे कधी पटवू शकलो नाही. तरीही मला ते योग्य वाटते. एकदा शब्द मोडला, तर पुढचा आरोपी कोणताही देश देणार नाही. २००८ च्या मुंबई हल्ल्यातला डेव्हिड हेडली तर मिळालाच नाही. अमेरिकेने त्याच्याशी केलेल्या तडजोडीत त्याला भारतात पाठवणार नाही हे आधीच लिहिले होते. मग फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याची साक्ष मुंबईच्या न्यायालयाने पडद्यावरून नोंदवली. त्याच हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा एप्रिल २०२५ मध्ये आला, हल्ल्यानंतर सोळा वर्षांनी. मराठी माणसाला हा विषय नवा नाही. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मार्सेच्या बंदरात उडी मारली, फ्रेंच भूमीवर पकडून त्यांना परत जहाजावर नेले गेले, आणि त्याचा वाद फ्रान्स व ब्रिटन यांच्यात हेगच्या लवादापुढे चालला. पकडण्यात अनियमितता झाली, पण परत देण्याचे बंधन नाही, असे लवादाने फेब्रुवारी १९११ मध्ये ठरवले. आरोपी कोणत्या मार्गाने हाती आला, हा प्रश्न आमच्या क्षेत्रात तेव्हापासून आजवर जिवंत आहे.

शेवटी उत्प्रवास कायद्याविषयी, कारण तो सगळे विसरतात आणि तोच सर्वांत लवकर फळ देतो. परदेशात नोकरीला माणसे पाठवणाऱ्याकडे नोंदणीचे प्रमाणपत्र असावेच लागते, आणि नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. आपल्या एजंटाने एक लाख ऐंशी हजार घेतले. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचे नाव आहे का ते आजच पाहा, आणि पाहिलेले पान तारखेसह छापून ठेवा. नसेल, तर तस्करी सिद्ध व्हायला कितीही वर्षे लागोत, विनानोंदणी भरतीचा गुन्हा त्या एका पानाने आणि बँकेच्या उताऱ्याने जवळजवळ उभा राहतो. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात उत्प्रवासी संरक्षकांचे कार्यालय आहे, तिथेही तक्रारीची प्रत द्या आणि पोच घ्या. या कायद्यातली कमाल शिक्षा दोन वर्षांची असल्याने न्यायालयाने दखल घेण्याची मुदत तीन वर्षांची आहे, म्हणून उशीर नको. आणखी एक, खटल्यासाठी इथेही केंद्राची परवानगी लागते, पण फसलेल्या माणसाने स्वतः किंवा त्याच्या वतीने आई, वडील, पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण किंवा पालक यांनी तक्रार केली तर लागत नाही. त्या यादीत मामा नाही. आपण सगळी धावपळ केली आहे हे मला दिसते आहे, तरी कागदावर सही भाच्याची हवी, आणि त्याची अजून बोलण्याची मनःस्थिती नसेल तर आपल्या बहिणीची. येताना तिला सोबत आणा, तिचा फोनही.